एल्डन निएमीचं नाव

आर्लिस निएमीच्या हातचं रानतांदळाचं सूप ज्याने खाल्लं नाही, त्याने आमच्या डुलुथच्या संमेलनाला येऊन गेल्याच्या गप्पा माझ्यासमोर मारू नयेत. हे संमेलन विज्ञानकथा वाचणाऱ्या आम्हा वेड्यांचं. एप्रिलात सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला की काठच्या हॉटेलात तीन दिवस भरतं. व्याख्यानं होतात, भांडणं होतात, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत सगळ्यांना फुकट जेवण असतं. ती खोली आर्लिसची. येणाऱ्याच्या हातात वाडगा देईल, आणि न विचारता दुसऱ्यांदा वाढील. तोंडाने मात्र, "पाय पुस, गालिचा काय तुझ्या बापाचा आहे?"

मी डोरीन. माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, आवाज दांडगा आहे आणि तोंड फटकळ आहे, म्हणून संमेलनाचा लिलाव वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात. आर्लिसची आणि माझी मैत्री तिथलीच. दोघीही तापट. आम्ही एकमेकींना इतक्या शिव्या घातल्यात की आता नव्या सापडत नाहीत.

तिचा नवरा एल्डन. जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायचा ट्रक चालवायचा. बोलणं इतकं कमी की त्याच्याशी गप्पा मारायच्या म्हणजे आपणच दोन्ही बाजूंनी बोलायचं. पण ट्रकच्या सीटखाली कायम एक पुस्तक, आणि ते रॉलंड केसविकचंच. 'बर्फापलीकडची जगं' ही केसविकची मालिका आम्ही सगळेच वाचायचो, पण एल्डनची भक्ती वेगळी. "या माणसाला थंडी कळते," एवढंच म्हणायचा. खरंच होतं ते. तेव्हाचा केसविक लिहायचा तेव्हा वाचताना बोटं गारठायची.

आमच्यात एक रीत आहे. पाहुणा लेखक आपल्या पुढच्या पुस्तकातल्या एका पात्राचं नाव लिलावात ठेवतो. जो सगळ्यात मोठी बोली लावील, त्याचं नाव त्या पात्राला मिळतं, आणि पैसे गावच्या वाचनालयाला जातात. केसविक आमच्याकडे बऱ्याचदा यायचा. अशाच एका वर्षी आर्लिसने एल्डनच्या वाढदिवसासाठी म्हणून ती बोली लावली. समोर मिनियापोलिसचा एक वकील होता. दर बोलीला ती त्याच्याकडे अशी बघायची की शेवटी त्याने हात खालीच घेतला.

केसविक तेव्हा तरुण होता, पोटात भूक होती. लिलाव झाल्यावर तो एल्डनजवळ येऊन बसला, अख्खी दुपार बसला. ट्रक कसा चालतो, बर्फ ढकलायचं पातं कुठे अडकतं, वादळात काय दिसतं, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाला, "रस्ता साफ झाला की तुम्ही रेडिओवर काय सांगता?"

एल्डन म्हणाला, "काय सांगणार? वाट मोकळी केलीय. या आता."

सहावं पुस्तक आलं. बर्फाच्या चंद्रावर वादळात नऊशे माणसं अडकलेली असतात. ट्रकवाला एल्डन निएमी एकटा खिंडीत शिरतो, वाट काढतो आणि रेडिओवर सांगतो, "वाट मोकळी केलीय. या आता." नऊशेच्या नऊशे बाहेर पडतात. तो तिथेच गोठून मरतो, ट्रकचं इंजिन चालूच असतं. आमच्या एल्डनने ते पान आगारात ट्रकमध्ये बसून वाचलं आणि घरी येऊन आर्लिसला म्हणाला, "मी मेलो. पण बरा मेलो." बाईने त्या रात्री जेवायला केक केला.

काही वर्षांनी तो खराच गेला. मोठं वादळ उरकून आगारात ट्रक लावला आणि सीटवरच गेला. आर्लिसने त्याच्या थडग्याच्या दगडावर नावाखाली तेच कोरून घेतलं: वाट मोकळी केलीय. या आता. पाद्री म्हणाला, बायबलातलं काही घालू या का? ती म्हणाली, "बायबल तुमच्या दगडावर घाला." पुढे वाचकांना हे कळलं. कुठून कुठून माणसं यायची, दगडापाशी खेळण्यातले छोटे ट्रक ठेवून जायची. आर्लिस वरवर कुरकुरायची, "मी काय दुकान काढू?" पण हिवाळ्यात ते सगळे ट्रक घरी आणून पुसून ठेवायची, आणि वसंतात परत मांडायची.

आता एकोणिसावं पुस्तक. नऊ वर्षं वाट बघायला लावली त्या माणसाने. नऊ वर्षं! आणि आणलं काय? विटेएवढं जाडजूड पुस्तक, त्यात दोनशे पानं राजदरबारातल्या जेवणावळी. बाराव्यात मेलेला सेनापती जिवंत, तो कसा जिवंत झाला ते विचारायचं नाही. दोन चंद्रांचा एकच चंद्र झालेला. मी दुकानात उभी राहून वाचत होते आणि गिऱ्हाईकांवर खेकसत होते. म्हातारपण सगळ्यांना येतं, एखादं पुस्तक फसतं, तेही मी पोटात घातलं असतं. पण मग ते प्रकरण आलं. सहाव्या पुस्तकातला ट्रकवाला एल्डन निएमी म्हणे शत्रूचा हेर होता. "वाट मोकळी केलीय, या आता" हे त्याने नऊशे माणसांना सांगितलंच नव्हतं. ती शत्रूला दिलेली खूण होती. नऊशे माणसं खिंडीत कापली गेली.

अरे, मग सातव्या पुस्तकात त्यांच्यातल्या दोघांचं लग्न झालं ते काय भुतांचं? दहाव्यात त्यांची मुलगी कप्तान होते ती कोण? लेखकाला स्वतःचीच पुस्तकं वाचायला नकोत. आम्ही वाचायची, आम्ही विकत घ्यायची, आणि हा खाल्ल्या घरचे वासे मोजणार!

मी आर्लिसला फोन केला, म्हटलं, "अगं, ते नवीन पुस्तक वाचू नकोस. भंगार आहे." ती म्हणाली, "वाचलं." आणि फोन ठेवला. आर्लिसने शिवी न घालता फोन ठेवला म्हणजे काय ते मला कळलं.

तिथेच थांबलं असतं तरी ती कदाचित गिळून बसली असती. पण वाचकांतही गाढवं असतातच. आठवड्याभरात कोणीतरी दफनभूमीत जाऊन एल्डनच्या दगडावर लाल रंगाने 'गद्दार' लिहिलं, आणि छोटे ट्रक पायाखाली चिरडून ठेवले. मी गेले तेव्हा आर्लिस गुडघ्यावर बसून थिनर आणि दात घासायचा ब्रश घेऊन अक्षरं घासत होती. थंडी मरणाची. मी ब्रश मागितला तर म्हणाली, "हात लावू नकोस." एकेक अक्षर काढलं तिने. मग उठली, गुडघे झटकले.

"बेचाळीस वर्षं या माणसाने लोकांचे रस्ते साफ केले, डोरीन. ख्रिसमसला घरी नसायचा. आता याचं नाव घेतलं की लोक थुंकणार. त्या केसविकला मी सोडणार नाही."

"काय करशील?"

"बघेन. आधी त्याला विचारीन तरी, का केलंस म्हणून."

आणि देवाची करणी अशी की त्याच वर्षी आमच्या संमेलनाचा पाहुणा केसविक. आमंत्रण पुस्तक येण्याआधीच गेलं होतं. आमचा अध्यक्ष लॉइड, भला माणूस पण भित्रा, माझ्या दुकानात येऊन हात चोळत म्हणाला, "रद्द करू या का? आर्लिसचं काही सांगता येत नाही. तिच्या हातात सगळ्यांचं जेवण आहे."

आर्लिस मागच्या कपाटापाशीच उभी होती. म्हणाली, "लॉइड, तू मला ओळखतोस किती वर्षं? मी अन्नात कालवाकालव करीन? येऊ दे त्याला. पाहुणा आहे. पोटभर जेवू घालीन."

लॉइड आणखीच घाबरला.

केसविकची एक ख्याती होती. पाच वर्षांनी भेटलात तरी तो तुम्हाला नावाने हाक मारायचा. "अरे हॅरल्ड! कसा आहेस, हॅरल्ड?" लोक विरघळायचे. यातली मेख सांगते. संमेलनात प्रत्येकाच्या छातीवर नावाचा बिल्ला असतो. केसविकची नजर आधी छातीवर जायची, मग तोंडावर. मी हे पहिल्याच वर्षी टिपलं होतं, पण म्हटलं, मरो, विसरभोळा असेल.

शुक्रवारी दुपारी तो आर्लिसच्या खोलीत आला. गलेलठ्ठ झाला होता, रेशमी रुमाल गळ्यात. मी कॉफी पीत बसले होते. सुपाच्या मोठ्या भांड्याखाली टेबल भाजू नये म्हणून काहीतरी जाड ठेवलं होतं. बघते तर एकोणिसावं पुस्तक. मुखपृष्ठावर भांड्याच्या बुडाचा काळा गोल उमटला होता. केसविकलाही ते दिसलं. दिसलं नाही असं त्याने दाखवलं.

आर्लिसच्या अंगावर एप्रन होता, त्यामुळे बिल्ला झाकलेला. केसविकची नजर छातीवर जाऊन रिकामी परत आली. म्हणाला, "वा, बाई! काय वास सुटलाय!"

तिने वाडगा भरून दिला. त्याने दोन वाडगे सूप संपवलं, वर भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, वर लिंबाच्या वड्या. ती समोर उभी. मग तिने अगदी सरळ आवाजात विचारलं, "एक विचारू का? तो ट्रकवाला गद्दार का निघाला?"

"आवडलं ना?" तो खूश झाला. "कुणालाच अंदाज नव्हता! प्रकाशक मागे लागले होते, काहीतरी धक्का द्या म्हणून. मी माझ्या मदतनिसाला सांगितलं, मागच्या पुस्तकांतून असा एखादा मेलेला शोधून काढ की ज्याच्यामागे रडायला कोणी नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलेच होते. आर्लिसने डोळ्यांनी मला बसवलं.

"आणि नाव? ते नाव कुठलं?"

"कोण जाणे. फोनच्या पुस्तकातून उचललं असेन." त्याने वडीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "नावाचं काय एवढं?"

"खरंय," आर्लिस म्हणाली. "आणखी एक वडी घ्या."

तो गेल्यावर तिने त्याचा वाडगा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. मी म्हटलं, "सूप त्याच्या डोक्यावर का नाही ओतलंस? मी तर ओतलंच असतं."

"सूप चांगलं होतं," ती म्हणाली. "विचारायचं होतं ते मी विचारलं. आता उद्या तू तुझं काम कर. लिलाव नेहमीसारखा घे, आवाज लाव, थट्टा कर. फक्त स्टेजवर चढायच्या आधी बिल्ला उलटा करून लाव."

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जो कोणी तिच्या खोलीत वाडगा घेऊन आला, त्याच्या कानाशी ती वाकून दोन वाक्यं बोलली. आणि संमेलनातला प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी त्या खोलीत येतोच. भूक कोणाला सुटलीय?

शनिवारी दुपारी लिलाव. दालन गच्च भरलेलं. केसविक स्टेजवर खुर्चीत, पाय पसरून. मी जुनी मासिकं विकली, एक पत्र्याचा यंत्रमानव विकला, लोकांना हसवलं. मग हातोडा उचलला आणि ओरडले, "आता मुख्य माल! 'बर्फापलीकडची जगं', विसावं आणि शेवटचं पुस्तक. त्यातल्या एका पात्राला तुमचं नाव! आजवर केसविकसाहेबांच्या नावाला इथे मारामाऱ्या झाल्यात. बोला, कोण बोलतंय?"

कोणीही हात वर केला नाही.

मी परत ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले. चारशे माणसं मूग गिळून त्याच्याकडे बघत बसली होती. केसविक आधी हसला. म्हणाला, "लाजताहेत." मग त्याने पाय जवळ घेतले. मग कपाळ पुसलं. सांगू का? मला मजा येत होती. मी मुद्दाम सावकाश बोलत होते.

"एक डॉलर," मागून आवाज आला.

आर्लिस एप्रनवरच आली होती. मी हातोडा इतक्या जोरात आपटला की दांडा हलला. "विकलं!"

ती मधल्या वाटेने चालत पुढे आली, एप्रनच्या खिशातून नोट काढून माझ्या टेबलावर ठेवली. केसविकचा जीव भांड्यात पडला. "छान, बाई! सांगा, कोणाचं नाव घालू?"

"सांगते. त्याआधी तुम्ही एक सांगा. तुमच्या पुस्तकांत आमची सात माणसं आहेत. इथेच नाव विकत घेतलेली. तुमच्याबरोबर जेवलेली, फोटो काढलेली. त्यातला एक या दालनात ओळखून दाखवा. फक्त एक. ओळखलात तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागीन."

"त्यात काय!" केसविक उठला, स्टेजच्या कडेला आला. नजर सवयीने पहिल्या रांगेतल्या छात्यांवर गेली. पांढरं. दुसऱ्या रांगेत पांढरं. सगळे बिल्ले उलटे. तो मागपर्यंत बघत गेला आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

"हे... बिल्ले असे का?"

"तोंडं तीच आहेत," आर्लिस म्हणाली. "तोंडावरून ओळखा."

त्याने पुन्हा एकदा रांगांवरून नजर फिरवली. पण गर्व फार वाईट. गप्प बसला असता तर निदान थोडी लाज राहिली असती. त्याने दाराशी उभ्या असलेल्या एका उंच, पिकल्या केसांच्या माणसाकडे बोट केलं. "तुम्ही! तुम्हाला मी विसरणं शक्य आहे का? तिसरं पुस्तक. बरोबर ना?"

तो माणूस म्हणाला, "मी हॉटेलचा आहे, साहेब. खुर्च्या लावतो."

दालनभर एकच हशा पिकला. आणि मग एकदम थांबला, कारण दुसऱ्या रांगेत बर्निस उभी राहिली होती. तिने बिल्ला सुलटा केला. "बर्निस ओडेगार्ड. तिसऱ्या पुस्तकातली डॉक्टर मीच. शाळेची बस चालवते. तुम्ही माझ्या घरी राहिला होतात."

मग होल्गर उठला. "होल्गर विक. पाचव्यातला न्यायाधीश. काल सकाळीच तुम्ही मला नावाने हाक मारलीत." असे एकामागून एक सहाजण उठले, नाव सांगितलं, बिल्ला सुलटा केला. केसविक प्रत्येकाकडे मान वळवत होता. खुर्ची मागे असून त्याला बसायचं सुचलं नाही.

"हे सहा झाले," तो कसाबसा म्हणाला.

"सातवा एल्डन निएमी," आर्लिस म्हणाली. "माझा नवरा. तो काही उठायचा नाही, वर टेकडीवरच्या दफनभूमीत आहे. तुम्ही अख्खी दुपार त्याच्याजवळ बसला होतात आणि वाट मोकळी केलीय हे त्याचंच वाक्य त्याच्या तोंडून घेतलंत. ते त्याच्या दगडावर आहे. तुमच्या वाचकाने त्याच्यावर गद्दार लिहिलं. मी घासून काढलं. त्याच्यामागे रडायला कोण आहे ते आता बघून घ्या."

केसविकचे ओठ हलले. "तो... खरा होता? मला आठवलं नाही हो. खरंच नाही आठवलं. मी दुरुस्त करतो. शेवटच्या पुस्तकात त्याला निर्दोष करतो. शब्द देतो."

"त्याला हात लावायचा नाही!" केवढ्याने ओरडली! इतक्या वर्षांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही त्याला निर्दोष करणारे कोण? मी तुम्हाला कोणाचंच नाव देणार नाही. एक डॉलर टाकलाय तो याच्यासाठी, की आमच्यातलं आणखी एक माणूस तुमच्या हाती लागू नये. तुमचं पुस्तक तुम्ही बिननावाचं लिहा."

ती वळली आणि निघाली. सूप आचेवर होतं. केसविकने माझ्याकडे बघितलं, मी हातोडा पुसत होते. मग तोही स्टेजवरून उतरला, कारण दार दालनाच्या त्या टोकाला होतं आणि दुसरी वाट नव्हती. तो जसजसा पुढे जाऊ लागला तसतसे दोन्ही बाजूंच्या लोकांनी बिल्ले सुलटे केले. चारशे नावं होती. त्याची नजर खाली जायची, नाव वाचायची, आणि तोंड उघडून मिटायचं. दारापर्यंत त्याने एकालाही हाक मारली नाही.